एकोणीस जुलैचा रकाना

सकाळी साडेदहाच्या सुमारास उपग्रह आमच्या डोक्यावरून जातो.
दहा मीटरचा चौकोन, त्याहून बारीक
त्याला काही कळत नाही.
माझं लाल घर: जेमतेम एक चौकोन.
पाविया मामाची होडी: शून्य.

पण निळं दिसतं त्याला.
ग्रीनलंडच्या पाठीवर जुलैत साचणारी तळी,
तळ्यांना सांधणारे ओढे,
म्हाताऱ्या हातावर शिरा उठाव्यात तसे.
मी रंगांची वजाबाकी करते, भागाकार करते,
एक उंबरठा ठरवते:
याच्या वर ते पाणी, याच्या खाली तो ओला बर्फ.
उंबरठ्यावर जे रेंगाळतं
त्यावरून एस्बेनचं आणि माझं दुपारभर वाजतं.

रुंदी चित्रात मिळते. खोली मानावी लागते.
निळा जितका गडद तितकं पाणी खोल, असं मानून.
आमच्या अहवालात हे 'असं मानून' फार वेळा येतं.
मामाचा त्यासाठी एकच शब्द आहे:
अंदाजपंचे.

बारा तारखेला सत्तावीस नंबरचं तळं होतं.
पंधराला नव्हतं.
तळाशी विवर उघडलं आणि सगळं पाणी
एका रात्रीत बर्फाच्या पोटात उतरलं.
(रात्र म्हणायची सवय. जुलैत इथे ती नसते.)
चित्रात उरला एक करडा वण.
बर्फाखाली काय चाललंय ते उपग्रहाला दिसत नाही,
आणि सोळापासून तर ढगच.

वरून किती निघालं ते मला ठाऊक,
खाली किती पोचलं ते मामाला.
पुलाच्या दुसऱ्या खांबावर रंगवलेली पट्टी,
तिच्यावरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचा.
पैसे मिळतात. बुटांपुरते, म्हणतो.
यंत्र होतं आधी;
जूनमध्ये बर्फाचा एक ठोकळा आला
आणि ते घेऊन समुद्राकडे गेला.
सीलच्या श्वासाच्या भोकाशी ज्यानं हयात काढली
त्याला वाट बघणं कुणी शिकवायचं?

सोळा: दोन मीटर चाळीस.
सतरा: दोन पासष्ट. पाणी पिठाळ.
अठरा: दोन ब्याण्णव. तळाशी दगड बोलताहेत.
एकोणीस:
वीस: दोन सत्तर.

लोंढ्याचा माथा नेमका त्या कोऱ्या रकान्यात.
"अठरा ते वीस सरळ रेघ ओढ," एस्बेन म्हणाला.
ओढली. डोंगर जाऊन पठार झालं,
आणि वरच्या हिशोबातलं अकरा टक्के पाणी
खाली कुठेच सापडेना.

फोन लावला.
"मामा, एकोणीसला होतास कुठे?"
"पुलावर."
"मग आकडा?"
"पट्टी तीन मीटरला संपते. पाणी नाही संपलं."
"तसं लिहायचं ना."
"तू आकडे मागितले होतेस."

मग खूप वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, पूल हलत होता,
पडायच्या दातासारखा.
पलीकडे तुकुम्मेकची दोन पोरं अडकली होती,
बेरी तोडायला गेलेली, बादली सोडेनात.
एकाला खांद्यावर घेतलं, एकाला काखेत.
बेरी सांडल्या निम्म्या.
धाकटं अजून रुसलंय माझ्यावर.

मी गप्प.
आणि मग, लाज वाटते सांगायला, तरी विचारलंच:
"पुलावर पाणी कुठपर्यंत होतं?"

"बुटाच्या वरच्या शिवणीपर्यंत.
आत नाही आलं. बूट चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी मामा बूट घालून पुलाच्या मधोमध उभा राहिला,
तुकुम्मेकनं शिवणीपासून पट्टीच्या टोकापर्यंत
शिंप्याची टेप सोडली.
रकान्यात लिहिलं: तीन मीटर एकसष्ट.

ताळा तरीही पुरता बसला नाही.
अकराचे चार टक्के झाले;
ते चार अजून बर्फाच्या पोटात असतील,
किंवा माझ्या उंबरठ्यात.

त्रुटीच्या जागी मी लिहिलं: दोन सेंटीमीटर, कमी किंवा अधिक.
एस्बेननं विचारलं, हे कुठून आलं?
म्हटलं, त्या दिवशी त्यानं
मोजे जाड घातले होते की पातळ,
ते त्याला आठवत नाही.