बर्फाची बेगमी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
रेइयो हक्करैनेन टेकडीमागच्या खड्ड्यात बर्फ पुरतो.
पुरतो म्हणजे झाकतो:
वरून, कडेकडेनं, गिरणीतला भुसा, हातभर जाड,
बाळंतिणीला पांघरूण घालावं तसा, निगुतीनं.
मग मे, जून, जुलै.
इथं तेव्हा रात्र धड होत नाही,
सूर्य झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळतो, निघता निघत नाही.
दर रविवारी रेइयो येतो,
भुशात कोपरापर्यंत हात घालतो,
थंड लागलं की मान हलवतो आणि घरी जातो.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
ऑक्टोबरात उघडली की
तीनातले दोन वाटे हाती लागतात.
तिसरा ओढ्याला.

पूर्वी असं काही करावं लागत नसे, तो म्हणतो.
नोव्हेंबरात आभाळच द्यायचं, मोजून न घेता.
आता आडातच नाही.

मी आले ती वही घेऊन.
स्कीच्या शर्यतीचा धूर मोज, समितीनं सांगितलं,
आणि कमी कसा होईल तेही.
मी आधी डोळ्यांना दिसलं ते मोजलं:
कागदी पेले, एकेचाळीस हजार,
घोटभर बेरीच्या सरबतासाठी जन्मलेले.
आता पेल्याला दोन युरो अनामत आहे.
शाळेतली पोरं बाकांखालून ते वेचतात,
एकट्या वेइकोनं सायकलीची चेन मिळवली त्यातून.
वर्तमानपत्रात फोटो आला. समिती खूश.
मग सॉसेजच्या जागी वाटाण्याचं सूप.
(म्हाताऱ्या हसल्या: गुरुवारी दुसरं काय असतं?)
मग डिझेलचं जनित्र गेलं,
गावातून जाड काळी केबल आली.

मग मी प्रवासाचा रकाना भरला.

पेले, सूप, डिझेल, बर्फ सारखा करणारं यंत्र,
रात्रभर जळणारे दिवे,
सगळं मिळून पानाच्या एका कोपऱ्यात मावलं.
उरलेलं पान विमानांचं.
एका संघानं नुसतं मेण लावणाऱ्यांसाठी
वेगळं विमान आणलं होतं, अर्धं रिकामं.
पेले म्हणजे दर्यामें खसखस.

बैठकीत मी वाचून दाखवलं:
आसपासच्या तीन गावांनी शर्यती एका पंधरवड्यात घ्याव्यात,
म्हणजे संघ एकदाच येतील.
रात्रीच्या रेल्वेनं येईल त्याला निम्मं तिकीट.
आणि प्रेक्षकांचा नवा मांडव बांधूच नये.
ओर्वोक्की वेस्तेरिनेननं चष्मा पुसला.
बराच वेळ पुसला.
मग म्हणाली, आणि खोल्या? रिकाम्या?
तिच्या बहिणीच्या बारा खोल्या आहेत तळ्याकाठी,
छपराचं कर्ज अजून चालू आहे.
मला उत्तर आलं नाही.
वहीत खोल्यांचा रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी मी खड्ड्यापाशी गेले.
रेइयो फावड्यानं कड चाचपत होता.
बर्फ वरून वितळत नाही, तो म्हणाला,
वरची काळजी सगळेच घेतात.
कडेनं जातो. भुसा पातळ असतो तिथून.
एवढंच म्हणाला. नंतर बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलला.

पुढच्या वर्षी पंधरवडा ठरला,
तीन नाही, दोन गावांचा.
मांडव अडला, पण रद्द झाला नाही.
रात्रीच्या गाडीला दोन डबे जोडले.
सकाळी सहाला फलाटावर उतरले एस्टोनियाचे काहीजण,
खांद्यावर स्की, तोंडातून वाफ,
जांभया देत विचारत होते, कॉफी कुठे मिळेल?
ओर्वोक्कीची बहीण थर्मास घेऊन उभी होती.
पैसे घेतले तिनं. घ्यावेतच.

आकडा पाचव्या हिश्शानं उतरला.
समितीला तो फार वाटला, मला थोडा.
शर्यतीच्या दिवशी पाऊस होता, बारीक,
दोन्ही बाजूंना करडं गवत
आणि मधून गेल्या वर्षीच्या बर्फाची एक पांढरी पट्टी,
तिच्यावरून माणसं जीव खाऊन पळत होती.

एप्रिलात रेइयोनं मला बोलावलं.
हातमोजा काढ, म्हणाला.
मी भुशात हात घातला, कोपरापर्यंत.
थंड होतं.
आत अजून खोल होतं, माझा हात पुरला नाही.