आटे घासलेला नट

मराठीत मेख मारतात ती दुसऱ्याच्या कामात,
पाचरही बहुधा दुसऱ्याच्याच.
छोट्या लाइनच्या शेडमधले फिटर दत्तोपंत किरकिरे
हे दोन्ही शब्द मुरारपलीकडच्या बंद खाणीत घेऊन गेले
आणि त्यांना भल्या कामाला लावलं.

आधी मेखा. लोहाराकडून घडवलेल्या.
घावागणिक आवाज वर सरकायचा,
चढत गेला तर पक्की, भद्द वाजली तर देव आठवावा.
ग्वाल्हेरचा माणूस. सुरावर जीव टाकायला कचरला नाही.

पण आपला दगड वालुकाश्म.
मेख उपटली की भेगेचा ओठ हातात यायचा.
जिथे बोट जात नव्हतं
तिथे तीन हिवाळ्यांत मूठ जाऊ लागली.
“दात पाडतोय आपण ह्याचे,”
एवढंच म्हणाले. हातोडा शेडमध्ये परत.

मग खिशात गोटे.
वरून भेगेत सोडायचे, अरुंदात अडकले
की मागून दोरीचा फास.
काही अडायचे. काही गडगडत खाली,
आणि खाली मी, शेजारची, दहा वर्षांची,
डोक्यावर त्यांच्याच घरचं पितळी पातेलं.

घोसीपुऱ्याच्या रुळांकडेला तो नट सापडला.
षट्कोनी, गंजका.
रात्रभर कानस चालली, आतले आटे नाहीसे होईपर्यंत.
काकू भिंतीपलीकडून: “आटे ह्यांच्याच डोक्याचे गेलेत.”

आटे गेलेला नट बोल्टाला नको, भंगारवाल्याला नको.
पण आटे असते तर दोरी कातरली असती.
त्यांनी दोरी ओवली,
भेगेत ठेवला. ठोकला नाही, ठेवला,
आणि त्यावर सत्तर किलोंचा संसार टांगला.

खूप नंतर वाचलं, वेल्समध्येही
रुळांकडेचे नट वेचून काहींनी हेच केलं होतं, आधीच.
सांगितलं तर खूश झाले:
“म्हणजे तिकडच्या गाड्यांचेही पडतात तर!”

आता माझ्या पट्ट्याला स्प्रिंगचे कॅम,
ओढले की मिटतात, सोडले की भेगेत फुलतात,
हप्त्यांवर घेतलेले.
छोटी लाइन बंद. दत्तोपंत गेले, अंथरुणातच.

एका तिरक्या भेगेत मात्र कॅम बसत नाही.
तिथे त्यांचा नट.
एक हिसका देते, कान लावते.
काही वाजत नाही.
मी वर जाते.

काढताना अडून बसतो, अर्धा अर्धा तास.
खालून फरहीन दोर धरून ओरडते,
“सोड तो, नवा घेऊ!”

कुठे मिळतो नवा.