वाळवंटी पर्वत (पाच गुण)

एप्रिल. तोंडी परीक्षा. तुर्भ्याची महापालिका शाळा.
पंखा फिरतो तो नुसता आवाजासाठी.
मी विचारलं : वाळवंटी पर्वतरांगेचं वर्णन कर.
भूरचना, वनस्पती, प्राणी.

पुस्तकात अरवलीचा नकाशा आहे, शेजारी उंट.
अंबिका कुसाळकरनं पुस्तकाकडे पाहिलं नाही,
खिडकीकडे पाहिलं.

बाई, आमच्या मागंच आहे की तो.
एका अंगानं डोंगर, एका अंगानं काहीच नाही.
उभा कापलाय, त्यामुळं थर दिसतात :
काळा, मग तांबूस, मग परत काळा.
आजोबा सुरुंग भरायचे तेव्हा थरांना नावं होती.
आता खाण बंद. आजोबांना दोनच आठवतात.

पाणी?
खाणीच्या तळाला. हिरवं. प्यायचं नाही.
पहाटे कोल्हा पितो, खाडीकडनं हायवे ओलांडून येतो.
कधी येत नाही.

झाडं?
कांडोळ. पानं टाकून पांढरा उभा,
अंघोळ करून पंचा शोधणाऱ्या माणसासारखा.
तीनधारी निवडुंग. जळलेलं गवत.
त्या गवतात रातवा बसतो, दिसत नाही,
फरशीवर गोटी सोडावी तसा ऐकू येतो :
टक्, टक्, टक्-टक्-टकटकटर्र.

फुरसं असतं शिळेखाली.
अंगावर अंग घासून करवत चालवतं.
म्हणून आई दगड हातानं उलटत नाही, पहारीनं उलटते.
घोरपड जुन्या कॉम्प्रेसरच्या सांगाड्यात राहते.
आणि एक सरडा आहे एवढासा,
भर दुपारी सगळ्यांत उंच दगडावर चढतो,
गळ्याचा निळा पंखा उघडतो, मिटतो, उघडतो.
कुणाला दाखवतो कळत नाही. मी दोनदा वर जाऊन पाहिलं.

उंट? मी विचारलं. उगाच.
उंट नाही बाई. डंपर होता. तोही विकला.

आता मला सांगायला हवं होतं
की इथं चार महिने धो धो कोसळतो,
हे वाळवंटाच्या व्याख्येत बसत नाही.
सांगितलंच.
ती म्हणाली, पडतो ना.
पण त्याला धरायला माती कुठाय?

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी तक्त्यात लिहिलं :
कुसाळकर अं. — अरवली — चार — समाधानकारक.
पाचवा गुण का कापला, आठवत नाही.
बहुधा उंटाचा.

संध्याकाळी बसथांब्यावर उभी राहून
डोंगराच्या त्या अंगाला बघत बसले, जिथं काहीच नाही.
वर कडेला काहीतरी पांढरं होतं.
कांडोळ असेल.
किंवा विजेचा खांब.
बस आली, तरी ठरेना.