सोडून दिलेले

वहीत सगळं आहे.
अठरा एप्रिल, रोहू, दोन किलो चारशे. सोडला.
पंचवीस एप्रिल, चणक, कोपरापर्यंत भरली असती. निसटली.
दोन मे, बांधावरच्या सावरीखाली, कटला,
फोटो होईतो दोनदा हातातून सुटून
तापल्या खडीवर पडला. सोडला.

मी खाण्यासाठी मारत नव्हतो.
डिचोलीच्या बँकेत पाच दिवस लोकांच्या नोटा मोजायच्या
आणि रविवारी पन्नासची पावती फाडून
पाण्यात गळ टाकून बसायचं, एवढंच.
ओठात एक टोचणी.
मला त्याहून मोठ्या रोज होतात.

नऊ मेला वास आला तेव्हा गाडीच्या काचा वर होत्या.
तळं पांढरं.
आधी वाटलं, कमळं.

शाबी गावडे गुडघाभर गाळात उभी.
खाणीच्या डोंगरावरून वर्षानुवर्षं उतरलेला तांबडा गाळ,
पुरुषभर पाणी कंबरेवर आणणारा.
खताच्या रिकाम्या गोणीत ती मासे भरत होती,
गोणीमागे बांधावर एक खडा.
बारा खडे झालेले.
"उदक हून जालां," म्हणाली, "नुस्त्याक स्वास मेळना."

खात्याचा माणूस आला. बाटली भरली, पाण्यात कसलीशी कांडी बुडवली.
ऑक्सिजन कमी. ऊन, गाळ, वरच्या हॉटेलचं सांडपाणी,
आणि माझ्या रॉडकडे बघत,
"या दिवसांत दमवलेला मासा
पाण्यात परत सोडला तरी दम धरत नाही हो."
अहवालात त्याने लिहिलं: अन्य कारणे.

मी बूट काढले, गाळात उतरलो.
पाचवा की सहावा मासा असेल,
चणक, जबड्यात गळ.
गळाच्या गाठीवर हिरवा रेशमी दोरा,
बायकोच्या शिवणाच्या डब्यातला.

शाबीने दोरा पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.
"नुस्तें खावंक मारतात, बाबा. खेळोवंक न्हय."
तिची आई इथेच, पाणी आटलं की, हातांनी मासे धरायची.
पोट जड लागलं तर बोटं सैल करायची.
लिहून ठेवत नसे.

एप्रिल ते जुलै गळ बंद ठेवा, असा अर्ज मी पंचायतीत दिला.
सरपंच म्हणाले, तीस रॉड, रविवारचे पंधराशे,
शिवाय भजीवाला, सोडावाला, त्यांनी कुठे जायचं?
अर्जाच्या पोचेवर शिक्का मिळाला.
तो ओला होता, खिशाला लागला.

अजून रविवारी जातो. रॉड घरी असतो.
सावरीखालची जागा म्हापशाच्या दोन पोरांनी घेतलीय,
चांगली आहेत, मासा हातात धरून हसतात.
मी शाबीशेजारी बांधावर बसतो.
खडे तसेच आहेत, एकोणीस,
कोणी उचलले नाहीत.

मधेच पाण्यावर एक बुडबुडा येतो.
आम्ही बोलणं थांबवतो.
दुसरा येतो का, ते बघत.