दुसरी

ओउलूच्या ऑफिसात, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
दुपारी अडीचलाच दिवे लावलेले असताना
मी एक ओळ काढून टाकली.
एकच. तिच्यामुळे फायलींच्या खिडकीत डावीकडे
करड्या डब्यांची रांग दिसायची:
मशीनच्या पोटातल्या डिस्क.
आता दिसेनाशी झाली.

इल्पो म्हणाला, सुटलो.
पाहुण्याला बैठकीची खोली दाखवावी,
मोरी कुठे तुंबते ते कशाला?
दृष्टीआड सृष्टी.

मला पटलं. माझ्या कानात हिल्क्का होती,
केमीच्या शाळेतली कारकून.
तिला त्या रांगेत 'रिकव्हरी' नावाचा डबा दिसला,
काठोकाठ भरलेला, तिच्या काही कामाचा नसलेला,
आणि शनिवारी कपाट आवरावं
तसा तिनं तो आवरला.
सोमवारी मशीन उठलंच नाही.
फोनवर ती रडली नाही, ओरडली नाही.
एवढंच म्हणाली,
"हात लावायचा नव्हता, तर समोर कशाला मांडलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ओळ काढली, तेच उत्तर.

फेब्रुवारीत पत्र आलं. कागदाचं, तिकीट लावलेलं.
तोर्नियोचा वेइयो, वय एक्क्याऐंशी.
दर रविवारी नदीवर जाऊन बर्फाची जाडी मोजतो.
कुणी सांगितलेलं नाही. कुणी विचारतही नाही.
बेचाळीस हिवाळ्यांचे आकडे,
आणि ते सगळे 'दुसरीत'.
दुसरी म्हणजे पुतण्यानं बसवून दिलेली डिस्क;
घरात तिचं नावच ते.
'दुसरीत टाकलं' म्हटलं, की त्याला निर्धास्त झोप लागते.

अपडेट झालं आणि दुसरी गेली.

तीन दिवस त्यानं काहीच केलं नाही, असं लिहितो.
काय केलं नाही, ते लिहीत नाही.
चौथ्या दिवशी मशीन घोंगडीत गुंडाळलं,
पायानं रेटायच्या घसरगाडीच्या खुर्चीला दोरीनं बांधलं
आणि उणे बावीसात चार किलोमीटर ढकलत
दुकानात नेलं.
दुकानातल्या मुलीनं चार स्क्रू काढले.
"आजोबा, ही काय. इथंच तर आहे."

काखेत कळसा त्याच्या होता,
गावाला वळसा मी घालायला लावला.

पत्रात राग नाही. असता तर बरं झालं असतं.
लिहितो: तुम्ही शिकलेली माणसं.
लोकांचा पाय घसरू नये म्हणून झाकता, हे कळतं.
पण खालचं पाणी दाखवत नाही, असाही बर्फ असतो,
वर छान गुळगुळीत.
आमच्या गावानं त्यावर एक ट्रॅक्टर घातला होता.
मी भोक पाडतो, पट्टी घालतो, आकडा घेतो.
निघताना भोकाशेजारी स्प्रूसची फांदी रोवतो.
भोक लपवत नाही. फांदी रोवतो.

मी हे इल्पोला मोठ्यानं वाचून दाखवलं.
तो बराच वेळ कपातल्या कॉफीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "फांदी. सोळा पिक्सेलमध्ये?"
मग म्हणाला, "आणि दुसरी कुठली, रिकव्हरी कुठली,
हे मशीनला कोण सांगणार?
त्याच्या लेखी दोन्ही नुसते आकार."
खरं आहे.
घरात कशाला काय म्हणतात, ते घरातल्यालाच ठाऊक.

संध्याकाळी मी ओळ परत घातली.
रिकव्हरीच्या डब्याशेजारी फांदी काढली.
इल्पोला ती माशाच्या काट्यासारखी वाटते.
हिल्क्काला काय वाटेल, ठाऊक नाही.
तिला फोन करायचा आहे. उद्या करते, म्हणून
आठवडा झाला.

पत्राच्या शेवटी सही नाही. तिथं
वेगळ्या पेननं, घाईत लिहिलेलं:
रविवार. एकसष्ट सेंटिमीटर.
वर नऊ भुसभुशीत.