हातचा

घाटमाथ्यावर, तीन हजार मीटरच्याही वर,
मी लोकांच्या पिशव्या उघडते.
नोकरीच ती. फळ, बी, माती, मध, कच्चं मांस
यातलं काही अर्जेंटिनातून चिलीत येता कामा नये.
मी बघायचं, कनेलाने हुंगायचं.
कनेला कुत्री आहे, दालचिनीच्या रंगाची.
तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च सरकारने केला.

जुलै. बर्फाने दोन दिवस बोगदा बंद होता,
आज उघडला तशा मेन्दोसाहून बसा आल्या
सुट्टीला घरी निघालेली पोरं घेऊन.
आमचीच पोरं. डोंगर ओलांडून शिकायला जातात
कारण तिकडे फी नाही.
इतकं साधं आहे ते, आणि तरी दर वर्षी
मला पाहून ओशाळतात,
जणू शेजारणीकडे जेवून आलीत.

कनेला एका निळ्या सॅकपाशी बसली. बसली म्हणजे आहे.
यास्ना बुस्तोस, बावीस वर्षं, सान फेलिपेची.
अर्जावर फळांपुढे 'नाही'वर खूण,
सॅकमध्ये सफरचंद. त्याखाली घडी घातलेला कागद.
"प्रबंधाचा आहे," ती घाईने म्हणाली,
"कागदाला बी नसतं."

उलगडला. दोन देश, दोन रकाने,
दर विद्यार्थ्यामागे सरकारने किती घातले.
पेन्सिलीने खोडून खोडून कागद पातळ झालेला.
"कुणाचे जास्त?"
"कसं मोजता त्यावर आहे, बाई."

मागे रांग होती. तरी ती सांगत राहिली.
घरची शिडी दहा पायऱ्यांची. खालच्या सहांना इकडे फी माफ.
वडिलांची स्वतःची टॅक्सी, म्हणून ही सातवीवर.
तिकडे पायऱ्या कुणी विचारत नाही,
पण वर्गात छत गळतं, बादलीभोवती बाकं मांडतात,
आणि महागाईत पगार असा विरघळतो
की संख्याशास्त्राचे सर रात्री टॅक्सीच चालवतात.
परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनी हिला खोलीवर सोडलं,
मीटर न टाकता.
"ते पैसे कुठल्या रकान्यात लिहू?"

मला काय माहीत.
मी शेतकीची साडेतीन वर्षं केली होती, इकडे,
सरकार जामीन राहिलं, बँकेने दिले.
पदवी राहिली. हप्ता राहिला नाही, तो चालतो.
बोट ठेवून विचारलं, "माझं कर्ज यात धरलंय?"
ती कागदाकडे बघत म्हणाली,
"थोडंसं. सरकारी खर्च म्हणून."

लहानपणी सुनिल्दाबाई फळ्यावर बेरीज मांडायच्या
आणि खडू उंचावून ओरडायच्या, हातचा विसराल तर मार खाल!
आम्ही बोटं मिटून तो धरून ठेवायचो,
खरंच काहीतरी असल्यासारखा,
घामेजून जायचा.
इथे कुणी धरलाय तो?
ह्या देशाने की त्या?
की सर धरून बसलेत स्टिअरिंगवर,
रात्रीचे दोन, गिऱ्हाईक नाही?

बसवाल्याने भोंगा वाजवला.
दंड लावायचा तर तिच्या दोन महिन्यांचं भाडं गेलं असतं.
म्हटलं, "नियम सफरचंदाचा आहे, पोटाचा नाही.
खा. इथेच. माझ्यादेखत."
ती उभ्याने खायला लागली,
गारठलेलं, दातांना कळ येईल असं,
मागचे लोक घड्याळ बघतायत, कनेला तोंड वर करून.
देठापाशी पोचल्यावर थांबली.
मी हात पुढे केला.
तिने मोजून माझ्या तळव्यावर ठेवल्या
पाच बिया, ओल्या, काळ्या.

कागद परत दिला. घडी होती तशीच घातली.
बस गोगलगाय-वळणांनी खाली निघाली,
वरून बराच वेळ दिसते ती,
कधी ह्या टोकाला, कधी त्या.

मग जाळायच्या डब्यात बिया टाकल्या. चार.
नोंदवहीत लिहिलं:
सफरचंद, नग एक, नष्ट.
पुढची पिशवी घेतली
डाव्या हाताने.