हजेरी

तार्तूत फेब्रुवारी. पहाटेचे चार.
एमायोगी नदी गोठलेली, मीही अर्धीमुर्धी.
पडद्यावर पाच यंत्रं दर दोन सेकंदांनी
हजर, हजर, हजर.
तिसरं जरा रेंगाळतं. ते हेलसिंकीत आहे,
त्याचं घड्याळ चाळीस मिलिसेकंद मागे
किंवा बाकीची चार पुढे,
विचारायला सहावं घड्याळ नाही.
पाचांतले तीन हो म्हणाले की ते खरं,
असं आम्ही ठरवून टाकलंय.

महिनाअखेरीला अहवाल मीच लिहिते:
उपलब्धता नव्याण्णव पूर्णांक नऊ नऊ टक्के.
म्हणजे वर्षाकाठी बावन्न मिनिटं
आडवं पडायची मुभा.
रायवो त्याखाली हिरवी रेघ ओढतो.

मग हिउमा बेटावरून पत्र आलं,
कागदाचं, तिकीट डकवलेलं.
औषधाच्या दुकानातली उर्वे लिहिते:
मंगळवारी अकरा मिनिटं
तुमच्याकडची चिठ्ठी उघडली नाही.
आर्वेदकाका काउंटरला हात टेकून उभे.
इन्सुलिन मी तसंच दिलं. नियम मोडला.
कळावे.

मी मंगळवार उलटापालटा करून पाहिला.
एक चूक सापडेल तर शपथ.
आलेली प्रत्येक विनंती पुरी झालेली, शंभरातल्या शंभर.
फक्त त्या अकरा मिनिटांत
बेटावरून कुणी आलंच नव्हतं.
हाक मधल्या समुद्रातच बुडाली,
आणि दार वाजलं नाही की आम्ही लिहितो:
तक्रार नाही.

शाळेत लिंडाबाई हजेरी घ्यायच्या.
गैरहजर पोर कधी उठून
"गैरहजर" म्हणत नाही,
एवढं तर आम्हाला पहिलीत कळत होतं.

आता उर्वेच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांमागे,
तळहाताएवढं एक यंत्र ठेवलंय.
दर मिनिटाला ते तिथून आमचं दार ठोठावतं,
उघडलं का, किती वेळाने, लिहून ठेवतं
स्वतःपाशीच.
आकडा घसरला. नव्याण्णव पूर्णांक दोन.
रायवो धावत आला: काय बिघडलं?
काही नाही, म्हटलं,
पट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस मिळालं.
तो हिरवं पेन हातात घेऊन
बराच वेळ उभा होता.

आज हिउमावर वादळ आहे.
चार वाजून सहा: ठक.
चार वाजून सात: ठक.
चार वाजून आठ